प्रस्तावना: मुस्लिम स्त्रीचे हक्क आणि दाद मागण्याच्या जागा

विवाह, मेहेर (निकाहच्या वेळी नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम), तलाक, पोटगी, मुलांचा ताबा आणि वारसा या बाबतींतले मुस्लिम स्त्रीचे हक्क भारतात चार वाटांनी येतात. काही फिकहमधून, म्हणजे इस्लामी शास्त्रज्ञांनी शतकानुशतके घडवलेल्या विधिविचारातून येतात, तर काही १९३७, १९३९, १९८६ आणि २०१९ च्या कायद्यांतून. काही न्यायालयांच्या निकालांतून येतात आणि उरलेले, व्यवहारात बहुधा सर्वांत वजनदार ठरणारे, वस्तीच्या रिवाजातून. या चार वाटा एकमेकींना छेदतात. फिकहने दिलेला वाटा रिवाज काढून घेतो, रिवाजाने नाकारलेली पोटगी न्यायालय देते, न्यायालयाने दिलेल्या पोटगीला संसद नवा कायदा करून मर्यादा घालते आणि न्यायालय त्याच कायद्याचा असा अर्थ लावते की मर्यादा सैल होते. या विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी हा गुंता ओळखावा. त्याशिवाय ‘इस्लाम स्त्रीला काय देतो’ या प्रश्नाचे कोणतेही उत्तर अर्धवट राहते.

ठाणे जिल्ह्यातले भिवंडी हे यंत्रमागांचे शहर या गुंत्याचा अभ्यास करायला फार योग्य आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाखांवर होती आणि तीत निम्म्याहून अधिक मुस्लिम होते. मात्र हा समाज एकजिनसी नाही. जुन्या वस्तीतले कोकणी मुसलमान फिकहच्या शाफई मताचे आहेत, तर १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातल्या विणकरांच्या गावांतून आलेले मोमीन हनफी मताचे. हनफींमध्ये पुन्हा देवबंदी आणि बरेलवी असे मसलक, म्हणजे पंथ, आहेत आणि त्यांच्याशिवाय अहले हदीसही आहेत. यंत्रमाग वाढले तसे उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगार येत राहिले. त्यांतल्या अनेकांचे एक घर इथे आणि दुसरे गावाकडे असते. निकाह एका राज्यात, संसार दुसऱ्या राज्यात आणि नवरा कधी तिसऱ्याच ठिकाणी, ही इथल्या बायकांच्या दाव्यांची नेहमीची पार्श्वभूमी आहे.

मतभेद किताबांपुरते राहत नाहीत. शाफई मतानुसार सज्ञान मुलीच्याही निकाहला वली, म्हणजे बहुधा बाप, लागतोच. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री आपला निकाह स्वतः करू शकते. मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर १८६४ मध्ये, म्हणजे ते स्थापन होऊन दोनच वर्षे झाली असताना, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हे प्रकरण आले. शाफई घरातल्या वयात आलेल्या मुलीने हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीशिवाय निकाह केला होता आणि न्यायालयाने तो वैध ठरवला. शरियतच्या चौकटीतच एका मताकडून दुसऱ्या मताकडे जाऊन स्त्रीने स्वतःसाठी जागा करून घेतल्याचे हे उदाहरण आहे. पुढच्या दीडशे वर्षांत ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. एका बैठकीत तीनदा उच्चारलेल्या तलाकचेही तसेच. हनफी शास्त्रज्ञांच्या प्रचलित मतात तो पाप असला तरी लागू होतो, शाफईंच्या मतातही लागू होतो. अहले हदीस त्याला एकच तलाक मानतात आणि शिया तो मानतच नाहीत. त्यामुळे एकाच शहरात, शेजारच्या दोन मशिदींत, एकाच बाईला ‘संसार मोडला’ आणि ‘संसार शाबूत आहे’ अशी दोन उत्तरे मिळू शकत होती.

वारशाचे नियम त्या मानाने ठरलेले आहेत. मुलीला मुलाच्या निम्मे, विधवेला मुले असतील तर एक अष्टमांश आणि नसतील तर एक चतुर्थांश, आणि मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक संपत्ती वाटता येत नाही. निम्मा वाटा म्हणजे विषमता, हे खरेच आहे. पण तुलना करताना तारखाही पाहाव्यात. हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाबरोबर वारसाहक्क १९५६ मध्ये मिळाला आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये, तर देशभर २००५ मध्ये. मुस्लिम मुलीची मोठी अडचण निम्म्या वाट्याच्याही अलीकडची आहे: तो निम्मा वाटासुद्धा तिच्या हातात पडत नाही.

या अडचणीची न्यायालयीन नोंद मुंबईत १८४७ पासून सापडते. त्या वर्षी खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी बापाच्या संपत्तीत कुराणाने सांगितलेला वाटा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज कुराणाच्या नियमाहून वरचढ मानला आणि मुलींचा दावा फेटाळला. जमातीतले पुरुष रिवाजाच्या बाजूने उभे होते आणि मुली शरियतच्या बाजूने, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संविधान सभेत समान नागरी कायद्याच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी याच वस्तुस्थितीची आठवण करून दिली होती. मुंबई, संयुक्त प्रांत आणि मध्य प्रांतातले मुसलमान १९३७ पर्यंत वारशाच्या बाबतीत मोठ्या प्रमाणात हिंदू कायद्यानेच चालत होते, असे त्यांनी सांगितले.

१९३७ च्या शरियत कायद्याने रिवाज बाजूला सारला. मुलीच्या दृष्टीने ती सुधारणा होती आणि स्त्रियांच्या संघटनांनी तिला पाठिंबा दिला होता. मात्र शेतजमीन या कायद्यातून वगळण्यात आली. देशातली बहुतेक संपत्ती तेव्हा शेतजमिनीतच होती, म्हणून सुधारणेचा गाभाच बाहेर राहिला. दक्षिणेतल्या काही राज्यांनी पुढे ही त्रुटी दूर केली. कोकणात गावी जमीन असलेल्या घरांत हा प्रश्न आजही सातबारावर येऊन उभा राहतो. बहीण माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करते आणि विषय मिटल्याचे धरले जाते. हा रिवाज हिंदू घरांतही तितकाच रुजलेला आहे. म्हणूनच ‘मुस्लिम प्रश्न’ म्हणून त्याची चर्चा फारशी होत नाही, आणि चर्चा न झाल्याने तो सुटतही नाही.

१९३९ चा विवाहविच्छेदाचा कायदा अधिक खोलवर जाऊन स्त्रीला दार उघडून देतो. हनफी मतात बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला जवळजवळ आयुष्यभर वाट पाहावी लागे. संसारातून सुटण्यासाठी पंजाबात काही स्त्रियांनी धर्मच सोडला, तेव्हा उलेमांना प्रश्नाचे गांभीर्य जाणवले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ मध्ये ग्रंथ लिहून या बाबतीत मालिकी मत स्वीकारण्याला मान्यता दिली आणि त्या आधारावर कायदा झाला. नवरा ४ वर्षे बेपत्ता असेल, २ वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर स्त्री न्यायालयातून विवाह मोडून घेऊ शकते. परगावी किंवा आखातात गेलेल्या आणि परत न आलेल्या नवऱ्यांच्या बायका भिवंडीत कमी नाहीत. त्यांच्या दृष्टीने २०१९ च्या गाजलेल्या तिहेरी तलाकविरोधी कायद्यापेक्षा हा जुना, शांतपणे झालेला कायदा अधिक उपयोगाचा आहे.

स्वातंत्र्यानंतरची दिशा एका भलत्याच प्रकरणाने ठरवली. द्विभार्याबंदीच्या मुंबई प्रांताच्या कायद्याला एका हिंदू पुरुषाने आव्हान दिले होते. मुसलमानांना बंदी नाही, मग आम्हालाच का, असा त्याचा युक्तिवाद होता. नरसू आप्पा माळी प्रकरणात १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी बंदी कायम ठेवली. पण त्याच निकालात वैयक्तिक कायदा संविधानाच्या १३ व्या अनुच्छेदातल्या ‘कायदा’ या व्याख्येत बसत नाही, असे मत मांडले गेले. परिणामी मूलभूत हक्कांच्या कसोटीवर वैयक्तिक कायदा घासून पाहण्याचा सरळ रस्ता बंद झाला. मुस्लिम स्त्रियांना त्यानंतर पोटगी, पुरावा, कार्यपद्धती अशा आडवाटांनी जावे लागले, आणि याच आडवाटांवर कायदा घडला.

इंदूरच्या शाहबानो यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागितली आणि एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्यानंतरचे वादळ आणि पोटगीला मर्यादा घालणारा १९८६ चा कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचे मात्र फार कमी सांगितले जाते. इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळात ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ करावी, असे शब्द १९८६ च्या कायद्यात होते. ही तरतूद इद्दतच्या मुदतीत द्यायची असली तरी ती स्त्रीच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून ठरली पाहिजे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात लावला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या डॅनियल लतीफी निकालात हीच दिशा देशासाठी पक्की केली. २००२ मध्ये औरंगाबादला दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणखी एक पाऊल टाकले. पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना ‘मी हिला तलाक दिला आहे’ एवढे कागदावर लिहून नवऱ्याची सुटका होत नाही. कारण काय होते, समेटाचा प्रयत्न झाला का, तलाक कसा आणि कोणासमोर दिला, हे त्याने सिद्ध केले पाहिजे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात असाच निर्णय दिला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर न आलेल्या या निकालांनी महाराष्ट्रातल्या स्त्रियांना जे दिले, ते मोर्चे आणि प्रतिमोर्चे यांच्या गदारोळात दिसेनासे झाले.

ऑगस्ट २०१७ मध्ये शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला, आणि २०१९ च्या कायद्याने तो देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. न्यायालयाचा निकाल आवश्यक होता. शिक्षेच्या तरतुदीबद्दल मात्र तितक्याच खात्रीने बोलता येत नाही. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनीच विचारला होता. शिवाय महिन्याच्या अंतराने दिला जाणारा तलाक-ए-हसन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि तलाक न देता बायकोला सोडून निघून जाणारा नवराही. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात १२५ वे कलम तलाकपीडित मुस्लिम स्त्रीलाही खुले असल्याचे स्पष्ट केले. शाहबानो यांनी जिथून सुरुवात केली होती, तिथे कायदा ३९ वर्षांनी परत आला.

ही सगळी वाटचाल पाहिली की एक निष्कर्ष टाळता येत नाही. भारतातला मुस्लिम स्त्रियांचा कायदा उलेमांनी किंवा संसदेने जितका घडवला, त्याहून अधिक तो दावा लावणाऱ्या स्त्रियांनी घडवला. त्यांच्या मागण्या लहान होत्या: महिन्याची काही रक्कम, मेहेर, बापाच्या घरातला वाटा. सिद्धांत त्यांच्या मागून आले.

सिद्धांतांमध्ये महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे आणि समान नागरी कायदा आणावा, या त्यांच्या मागण्या होत्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. मेहरुन्निसा दलवाई आणि सय्यदभाई यांनी ते पुढे चालवले. १९८५ मध्ये मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा काढला तेव्हा त्याला कडवा विरोध झाला. दलवाईंची भूमिका धर्मग्रंथ बाजूला ठेवून नागरिकत्वावर उभी होती. मुंबईचे असगर अली इंजिनिअर यांनी दुसरा मार्ग धरला. कुराणाचा मूळ रोख न्यायाकडे आहे आणि पुरुषप्रधान समाजांनी त्यावर आपले अर्थ चढवले, अशी त्यांची मांडणी होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन २००७ पासून याच मार्गाने चालले आहे. त्यांच्या १० राज्यांतल्या सुमारे ४,७०० स्त्रियांच्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी तिहेरी तलाकवर बंदी मागितली होती. आंदोलनाने स्वतःचा निकाहनामा तयार केला, स्त्रियांना काझीचे शिक्षण दिले आणि हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून मिळवला.

तिसरा प्रवाह वकिलांचा आणि स्त्री-संघटनांचा आहे. फ्लेविया अ‍ॅग्नेस आणि ‘मजलिस’ यांनी समान कायद्याच्या घोषणेपेक्षा आहे त्या कायद्यांतून स्त्रीच्या हातात प्रत्यक्ष काय पडते, यावर भर दिला. ‘आवाज-ए-निस्वां’ आणि ‘बेबाक कलेक्टिव’ धर्मांतर्गत सुधारणेवरही अवलंबून राहत नाहीत आणि बहुसंख्याकांच्या राजकारणालाही आपला प्रश्न वापरू देत नाहीत. चौथा प्रवाह परंपरेच्या राखणदारांचा. १९७३ मध्ये स्थापन झालेले ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड बदल उलेमांकडूनच आला पाहिजे असे मानते. २००५ मध्ये बोर्डाने आदर्श निकाहनामा काढला, पण तो बंधनकारक केला नाही. दारुल कझांमधून, म्हणजे उलेमांच्या शरियत न्यायमंडळांतून, खुला (पत्नीच्या मागणीवरून विवाहविच्छेद) आणि फस्ख (काझीने विवाह रद्द करणे) मिळवणाऱ्या स्त्रियाही आहेत. तिथे खर्च कमी लागतो आणि निकाल लवकर मिळतो, म्हणून त्या जातात. या निर्णयांना कायद्याचे बळ नाही आणि ते कोणावर लादता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाहेरच्या मुस्लिम देशांकडे पाहिले तर ‘शरियत बदलत नाही’ हे विधान टिकत नाही. ऑटोमन साम्राज्याने १९१७ मध्ये विविध मतांतून नियम निवडून कुटुंबकायदा केला. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केले, पाकिस्तानने १९६१ मध्ये तलाकची नोटीस आणि दुसऱ्या निकाहसाठी परवानगी सक्तीची केली, इजिप्तने २००० मध्ये स्त्रीला नवऱ्याच्या संमतीविना न्यायालयातून खुला दिला आणि मोरोक्कोने २००४ मध्ये संपूर्ण संहिता नव्याने लिहिली. भारतातली अडचण वेगळी आहे. इथे मुसलमान अल्पसंख्य आहेत आणि सुधारणेची मागणी करणाऱ्याला ‘तू कोणाच्या बाजूचा’ असे विचारले जाते. सत्यशोधक मंडळाच्या स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत, ७ मे १९७० ला, भिवंडीत दंगल पेटली. १९८४ मध्ये ती पुन्हा झाली. जीव आणि माग वाचवण्याची पाळी आलेल्या समाजात घरातल्या अन्यायाबद्दल बोलणे फितुरी वाटू लागते. दंगलींनी मुस्लिम स्त्रीचा आवाज किती वर्षे मागे ढकलला, याचा हिशेब कोणत्याही चौकशी आयोगाने मांडलेला नाही.

आज हा विषय पुन्हा तातडीचा झाला आहे. जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात समान नागरी संहिता लागू आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला कुटुंबकायदा मुसलमानांनाही लागू होतो आणि त्यात साधारणपणे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते. महाराष्ट्राच्या सीमेलाच लागून असलेला हा अनुभव मराठी चर्चेत क्वचित येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या विवाह नोंदणीचे एक प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुस्लिम पुरुषाच्या तिसऱ्या विवाहाची नोंद, आधीची पत्नी आहे एवढ्या कारणाने नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नोंदणी झाली तर दुसऱ्या-तिसऱ्या पत्नीला पुरावा मिळतो, पण पहिलीचे काय, हा प्रश्न उरतोच.

पुराव्याचा मुद्दा भिवंडीत विशेष टोकदार आहे. तिथल्या स्त्रीचा निकाहनामा उर्दूत असतो, पोलिस ठाण्यातली तक्रार मराठीत लिहिली जाते आणि वरच्या न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो. मेहेरची रक्कम दुसऱ्या कोणी ठरवलेली असते आणि निकाहनाम्याची प्रत सासरच्या कपाटात राहते. नवऱ्याचे उत्पन्न मागावरच्या मजुरीचे, रोखीतले, म्हणून पोटगी ठरवताना दाखवायला कागद नसतो. तिचे स्वतःचे घरबसल्या केलेले धाग्याचे काम तर कोणत्याच हिशेबात नसते. तलाकचा अधिकार निकाहच्या वेळीच पत्नीकडे सोपवण्याची, म्हणजे तफवीजची, सोय फिकहमध्ये शतकांपासून आहे. दुसरा निकाह न करण्याची अट घालता येते. पण निकाहच्या दिवशी हे विचारायचे कोणी आणि कोणत्या तोंडाने, यावर ती सोय अडते.

हे पुस्तक या अडलेल्या जागांपासून सुरू होते. शास्त्र काय सांगते, राज्याचा कायदा काय सांगतो आणि वस्तीत काय घडते, हे तीन प्रश्न त्यात वेगळे ठेवले आहेत, कारण त्यांची सरमिसळ झाली की धर्माचा बचाव करणारा आणि धर्मावर तुटून पडणारा, दोघेही सोयीचे उत्तर उचलतात. फिकहची मते त्यांच्या अंतर्गत वादांसह दिली आहेत आणि निकाल त्यांमागच्या मागणीसह. सुधारणेचे चारही प्रवाह त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादाने मांडले आहेत. पुस्तक मात्र तटस्थ असल्याचा आव आणत नाही. हक्क मागणाऱ्या स्त्रीला एखादा मार्ग उपयोगी पडतो का, ही त्याची कसोटी आहे आणि त्या कसोटीवर काझीचे कार्यालय, दारुल कझा, महिला मंडळ, पोलिस ठाणे आणि दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय ही सर्व ठिकाणे तपासली आहेत.

वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते मराठीत काम करणारे वकील, समुपदेशक, शिक्षक, पत्रकार आणि कायद्याचे विद्यार्थी, तसेच मराठी वाचणाऱ्या मुस्लिम मुली, ज्यांच्यासाठी या विषयावर मराठीत बहुधा वादच लिहिले गेले, माहिती कमी. पोशाख, मशिदीतला प्रवेश आणि राजकीय प्रतिनिधित्व हे प्रश्न इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांचा कायदा निराळा आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मात्र घेतला आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि राहत्या घरातून बाहेर काढता येऊ नये, यासाठी मुस्लिम स्त्रीच्या हातात असलेले ते बहुधा सर्वांत जवळचे साधन आहे. पारिभाषिक शब्द भिवंडीच्या बोलण्यात जसे येतात तसेच ठेवले असून प्रत्येकाचा अर्थ पहिल्या वापराच्या ठिकाणी दिला आहे.